कार्बाइनचा हँडगार्ड निवडताना: आधी हात, मग नट, शेवटी रेल

दिवाळीत पुतण्या सुट्टीवर आला. त्याच्या तुकडीत अमेरिकी एम-४ धर्तीच्या कार्बाइन (आखूड नळीच्या रायफली) आहेत. हँडगार्ड, म्हणजे बॅरलभोवतीचे (नळीभोवतीचे) हात धरायचे आवरण, बदलायचे ठरले होते आणि कोणता मागवावा हे सांगायच्या मंडळींत त्याचेही नाव होते. साताऱ्याला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पडवीत येऊन बसला, मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "नाना, यातला कुठला घ्यायचा ते सांगा." एकूण अकरा फोटो. सगळे काळे, सगळ्यांना भोके, सगळे दिसायला देखणे.

मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. यावर लावणार काय? तुझा डावा हात पडतो कुठे? आणि हा बॅरल नटला, म्हणजे नळी हत्याराला आवळणाऱ्या नटला, धरतो कसा? तिन्हींची उत्तरे त्याच्याकडे नव्हती. यात त्याचा दोष नाही. हँडगार्ड दुकानात असो वा कागदावर, दाखवला जातो तो रेलवरून, म्हणजे जोडवस्तू बसवायच्या खाचांच्या पट्टीवरून. किती बाजूंना रेल, किती खाचा, किती इंच, एवढेच. सुट्टीचे चार दिवस आम्ही दोघे त्यावर बसलो. तेच इथे लिहितो आहे, कारण अपशिंगे मिलिटरीपासून खटाव-माणपर्यंत आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरे वर्दीत आहेत आणि हा प्रश्न त्यांच्यापुढेही येतो.

मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्र-दुरुस्ती शाखेत, आर्मरर (हत्यारांचा कारागीर) होतो. चोवीस वर्षे हत्यारे खोलली आणि जोडली. सुरुवातीला कार्बाइन म्हटली की ९ एमएमची १ए१. तिच्या बॅरलभोवती भोकाभोकांचा पत्र्याचा जॅकेट आणि मॅगझिन डाव्या बाजूला आडवे. त्यात निवडण्यासारखे काहीच नव्हते. जॅकेट हत्याराचाच भाग, हात तिथेच ठेवायचा आणि तापला की सोसायचा. पुढे एम-४ सारखी हत्यारे हाताखाली आली. त्यांत बॅरलभोवतीचा भाग वेगळा निघतो, वेगळा बसतो, आणि त्यावर टॉर्च, लेझर, ग्रिप असे सगळे चढते. माझ्या दृष्टीने तिथून हँडगार्ड हा नुसता हात न भाजण्यासाठीचा पत्रा उरला नाही. लेझर त्यावर बसला की तो निशाण्याचाच एक भाग झाला.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्वयंचलित कार्बाइन सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. हौसेने परदेशातून हँडगार्ड मागवून घरात ठेवायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्या. आणि जे वर्दीत आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे की हत्यार सरकारी आहे; परवानगी आणि आर्मरर यांच्याशिवाय त्याचा एक स्क्रूही फिरवायचा नाही. हे लिखाण निवड करणाऱ्यासाठी आहे. बसवायचे काम कोतमध्ये (तुकडीच्या शस्त्रागारात), जाणत्या हाताने.

पहिले काम कागदावर. हत्यारावर खरोखर काय लागणार आहे ते लिहून काढा. बहुतेकांची यादी टॉर्च, लेझर, पट्ट्याची कडी आणि पुढची छोटी ग्रिप किंवा हँडस्टॉप (हात पुढे सरकू नये म्हणूनचा अडसर) इथेच संपते. पुतण्याची यादीही चार ओळींचीच झाली. आणि फोटोतल्या पहिल्या हँडगार्डवर चारी बाजूंना टोकापासून टोकापर्यंत रेल! चार वस्तूंसाठी चाळीसच्या वर खाचा. उरलेल्या खाचा वजन वाढवतात, हाताला टोचतात आणि पुन्हा त्या झाकायला रबरी कव्हरे घ्यावी लागतात. ज्या वस्तूला रेल लागते तिथेच रेल असावी. लेझर वर, म्हणजे घड्याळाच्या बारावर, टॉर्च बाजूला, ग्रिप खाली. बाकी अंग मोकळे.

दुसरे काम हाताचे, आणि ते हत्याराशिवाय घरी करता येते. मी पुतण्याला अंगणात उभे केले. हातात विटीदांडूच्या दांडूएवढ्या जाडीची, अडीच फुटांची सरळ काठी दिली आणि डोळे मिटून ती रायफलसारखी खांद्याला लावायला सांगितले. डावा पंजा जिथे आपोआप पडला तिथे खडूने रेघ मारली. काठी खाली, पुन्हा वर, पुन्हा रेघ. दहा वेळा केले. दहातल्या आठ रेघा चार बोटांच्या आत होत्या. ती तुमची जागा. टॉर्चचे बटण त्या जागेवर अंगठ्याखाली आले पाहिजे, हँडस्टॉप त्या जागेच्या लगेच पुढे. कुणाचा हात लांब, कुणाचा आखूड, कुणी बुलेटप्रूफ जॅकेट घालून उभा असतो तेव्हा हात आणखी मागे येतो. म्हणून ही चाचणी जॅकेट घालूनही एकदा करा. रेघा सरकतात की नाही ते डोळ्यांनी दिसेल.

मग जाडी. त्याच काठीवर जुने वर्तमानपत्र गुंडाळत गेलो. ४० मिलिमीटर झाले तेव्हा व्हर्नियर लावून बघितले आणि त्याच्या हातात दिले. मग ५०, मग ६०. चाळीसला बोटे पूर्ण वळली, अंगठा वर आला. पन्नासला पकड ठीक. साठला बोटांची टोके कडेवर राहिली आणि मनगट वाकडे झाले. चारी बाजूंना रेल असलेला हँडगार्ड कव्हरे घातल्यावर सहज साठच्या पुढे जातो. हातमोजे घातले की आणखी थोडा. पुतण्याने साठवाली काठी पाच मिनिटे खांद्याला धरून ठेवली आणि मग कागद उलगडून पन्नासवर आणून पुन्हा पाच मिनिटे. "नाना, फरक खांद्यात जाणवत नाही, मनगटात जाणवतो," तो म्हणाला. अगदी बरोबर. रात्रभरच्या ड्यूटीत आधी मनगटच सैल पडते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे. हँडगार्ड हत्याराला धरतो कसा?

ढोबळमानाने दोन जाती. पहिली दोन पाकळ्यांची. वरची आणि खालची पाकळी पुढे गॅस ब्लॉकजवळच्या (नळीतला वायू वळवणाऱ्या ठोकळ्याजवळच्या) टोपीत अडकते आणि मागे स्प्रिंगच्या कड्यात बसते. त्या कड्याला डेल्टा रिंग म्हणतात. कडे मागे ओढा, पाकळी काढा. हत्यार खोलायची गरज नाही. साफसफाईला सोपी, बदलायला सोपी. पण तिची पुढची टेक बॅरलवर असते. तुम्ही भिंतीच्या कडेवर टेकून फायर केलात, किंवा पट्टा हाताला गुंडाळून ताणलात, की तो दाब थेट बॅरलवर जातो आणि गोळी सरकते.

दुसरी जात फ्री-फ्लोट. ती फक्त मागे, बॅरल नटवर बसते. पुढे बॅरलला कुठेच शिवत नाही. बॅरल तिच्या पोकळीत मोकळी असते. पट्टा ताणा, टेकवा, दाब हँडगार्डवर राहतो. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसच्या एम-४ वर आधी पाकळ्यांचा चार रेलांचा हँडगार्ड होता आणि पुढच्या टप्प्यात फ्री-फ्लोट आला, तो लांब पल्ल्याची अचूकता आणि लेझरची पक्की बैठक या दोन्हींसाठी.

मी ज्या एका तुकडीत होतो तिथली गोष्ट. पाकळ्यांचा, चार रेलांचा हँडगार्ड होता आणि वरच्या रेलवर लेझर. संध्याकाळी झिरो केलेला, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवलेली, रात्रीच्या फायरिंगला सगळ्या गोळ्या एका बाजूला. पुन्हा झिरो केला, पुन्हा गेला. त्या रात्री मी लेझर काढून तपासला, बॅटरी बदलली, माउंटचा स्क्रू पाहिला. सगळे ठीक. पहाटे तीनच्या सुमारास दोन्ही हातांत हँडगार्ड धरून पिळून पाहिला, तेव्हा हाताला लागले: वरची पाकळी केसभर हलत होती. डेल्टा रिंगची स्प्रिंग म्हातारी झाली होती. लेझर निर्दोष होता, तो ज्यावर उभा होता ती जमीन हलत होती. त्या जवानाने दोन रात्री स्वतःच्या नजरेला दोष दिला, याचे मला अजून वाईट वाटते.

केसभर म्हणजे किती, याचा हिशेब करा. ३०० मिलिमीटरच्या हँडगार्डचे टोक, बूड जागेवर राहून, ०.३ मिलिमीटर हलले तर कोन बदलला एक हजारांश. १०० मीटरवर लेझरचा ठिपका १० सेंटीमीटर सरकला. २०० मीटरवर २०. एका मिनिट कोनाला (अंशाच्या साठाव्या भागाला) १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर होतात. म्हणजे तीन मिनिटांहून जास्त चूक, आणि तीही माणसाची नव्हे.

हे पुतण्याला डोळ्यांनी दाखवायचे होते. हार्डवेअरच्या दुकानातून एक इंची अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणला, एक फुटाचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा व्हाइसमध्ये फक्त बुडाच्या अर्ध्या इंचावर पकडला. टोकाला लेझर पॉइंटर रबराने बांधला आणि ठिपका दहा मीटरवरच्या कंपाउंडच्या भिंतीवर टाकला. भिंतीवर पाढ्याच्या वहीचा कागद चिकटवला होता. पुतण्याने पाइपच्या टोकाखाली मुठीने हलकासा रेटा दिला, जसा वाळूच्या पोत्यावर टेकताना येतो तसा. ठिपका चार-पाच सेंटीमीटर वर गेला आणि सोडल्यावर पूर्ण खालीही आला नाही. मग दुसरा तुकडा दोन इंच आत पकडला. तोच रेटा. ठिपका जेमतेम थरथरला आणि आपल्या चौकटीत परत आला. दहा मीटरवर एक सेंटीमीटर म्हणजे शंभर मीटरवर दहा, हे त्याने स्वतः वहीच्या कागदावर मांडले.

म्हणून हँडगार्ड बघताना तो आधी मागून बघा. बॅरल नटवर त्याची पकड किती लांबीची आहे? दीड-दोन इंच घट्ट बसत असेल तर चांगले. अर्ध्या इंचावर दोन बारीक स्क्रूंनी टांगला असेल तर सोडून द्या, मग पुढे कितीही सुंदर असो. स्क्रू हँडगार्डला नुसते दाबतात की त्याची फट आवळून नटला मिठी मारतात? मिठी मारणारा चांगला. गोल फिरू नये म्हणून रिसीव्हरला (हत्याराच्या मुख्य धडाला) अडणारे कान आहेत का? पट्टा ओढला की हँडगार्ड फिरायला बघतो. कान नसले तर सगळा भार स्क्रूंवर येतो. आणि नट स्वतःचा आहे की मूळचाच वापरायचा? बरेच फ्री-फ्लोट आपला नट सोबत आणतात. नट पोलादी असला तर मला बरे वाटते, कारण तिथे उष्णताही सर्वांत जास्त येते आणि पिळही.

लांबीबद्दल लोक फार बोलतात, पण ती बरीचशी हत्यारच ठरवते. कार्बाइन लांबीच्या गॅस सिस्टिमला पाकळ्यांचा हँडगार्ड सातेक इंचांचा, मधल्या लांबीला नऊ, रायफलला बारा. पुढे उभी माशी (नेम धरायची पुढची खूण) असलेला जुना गॅस ब्लॉक असेल तर सात इंचांपुढे जाताच येत नाही, कारण माशी आड येते. एक तर हँडगार्डला वरून खाच हवी, नाही तर ठेंगणा गॅस ब्लॉक बसवावा लागतो आणि ते आर्मररचे मोठे काम आहे. साडेचौदा इंची बॅरलवर बारा-तेरा इंच, साडेदहाच्या आसपास असेल तर नऊ इंच, असे मी सुचवतो. हँडगार्ड फार पुढे गेला तर फ्लॅश हायडरचा (नळीच्या तोंडावरचा जाळ झाकणाऱ्या तुकड्याचा) जाळ आणि काजळी थेट रेलवर, टॉर्चच्या काचेवर. फार मागे राहिला तर टॉर्चच्या झोतात बॅरलची सावली पडते आणि नेमका एक कोपरा काळा राहतो. दारातून आत शिरताना तो काळा कोपरा महागात पडतो.

आतला व्यासही बघा. ठेंगणा गॅस ब्लॉक आणि गॅस ट्यूब (तो वायू मागे नेणारी बारीक नळी) आत सुखाने राहिली पाहिजे, सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर हवा हवी. टॉर्चचा उजेड समोरून टाकून आत डोकावा. कुठे चकाकी घासलेली दिसली तर तिथे लागते आहे.

आता खाचांची भाषा. पिकाटिनी रेलला न्यू जर्सीच्या पिकाटिनी आर्सेनलचे नाव आहे आणि तिचे अमेरिकी लष्करी मानक १९९५ चे. तिची मापे पाठ करण्यासारखी आहेत: खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेपासून दुसरीपर्यंत १०.०१ मिलिमीटर, रेलची रुंदी २१.२ मिलिमीटर. नमुना हातात आला की व्हर्नियर लावा. मी एक खाच मोजत नाही, दहा अंतरे एकदम मोजतो, १००.१ च्या आसपास आले पाहिजे. दहा मोजल्या की कारागिराची चूक लपत नाही. वीव्हर नावाची जुनी रेल दिसायला तशीच, पण तिची खाच अरुंद, ४.५७ मिलिमीटर, पिकाटिनीचा आडवा बोल्ट तीत जात नाही. हा घोळ मी पाहिला आहे, ठोकून बसवलेला माउंटही पाहिला आहे.

चारी बाजूंच्या रेलला पर्याय म्हणून नुसत्या भोकांच्या पद्धती आल्या: २०१२ च्या सुमारास कीमॉड, २०१४ मध्ये एम-लॉक. कीमॉडची भोके किल्लीच्या भोकासारखी, एम-लॉकची लांबट. एम-लॉकमध्ये आतला छोटा नट पाव फेरा फिरतो आणि भिंतीला आतून धरतो. अमेरिकी नौदलाच्या क्रेन येथील केंद्राने दोन्हींच्या चाचण्या घेतल्या. एम-लॉक जास्त भार सोसतो आणि काढून पुन्हा लावल्यावर वस्तू जास्त नेमकी जागेवर येते, असे त्यांत दिसले. त्यांच्या स्पेशल फोर्सेसनी एम-लॉकच निवडला. आज नवीन घेत असाल तर एम-लॉक घ्या. कीमॉडच्या जोडवस्तू दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत, आणि ज्याच्या वस्तू मिळत नाहीत तो हँडगार्ड तुकडीला दोन वर्षांत ओझे होतो.

तरी एक अपवाद ठेवतो. वरची बाजू मात्र टोकापर्यंत अखंड पिकाटिनी असू द्या. लेझर तिथेच बसतो. लेझर एम-लॉकच्या तुकड्यावर, तो तुकडा भोकांवर, असे दोन सांधे नकोत. हँडगार्डची वरची रेल आणि रिसीव्हरची रेल एका पातळीत आहेत का, हे पोलादी पट्टी उभी धरून उजेडासमोर बघा; पट्टीखालून उजेड दिसू नये. आणि मुख्य साइट (नेम धरायचे साधन) कधीही या दोघांच्या सांध्यावर अर्धी-अर्धी बसवू नका. पूर्ण रिसीव्हरवर, बस्स.

वजनाचा हिशेब सरळ आहे. बारा इंची चार रेलांचा फ्री-फ्लोट अर्ध्या किलोच्या आसपास जातो, तेवढ्याच लांबीचा सडपातळ एम-लॉकवाला पाव किलो ते तीनशे ग्रॅम. पाव किलोचा फरक हातात घेतला तर काही नाही. पण तो खांद्यापासून दीड-दोन फूट पुढे लटकतो. वाण्याच्या दुकानात पाव किलो साखरेची पुडी घ्या आणि हात ताणून धरा; दोन मिनिटांत समजेल.

धातू बहुधा अॅल्युमिनियम, ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६. दुसरा पहिल्याच्या सुमारे पावणेदोन पट बळकट, पण महाग, आणि उष्णता थोडी कमी वाहतो. हँडगार्डला ६०६१ पुरतो. बुडाची पकड चांगली असलेला ६०६१ हा वाईट पकडीच्या ७०७५ पेक्षा मी केव्हाही घेईन. आमच्या एमआयडीसीत मिलिंगवर काम करणाऱ्या एका मित्राला मी हे विचारले, त्याचेही म्हणणे तेच: पातळ भिंतीला आकार ताकद देतो, नुसता धातू नाही. वरचा काळा थर हा कडक अॅनोडायझिंगचा हवा, रंगाचा नव्हे. खाचेच्या आत, जिथे नजर जात नाही तिथे, पांढरी चमक दिसली तर थर अर्धवट आहे. सज्जनगडाच्या पायथ्याला धुवाधार पावसात राहणाऱ्याला ओलावा म्हणजे काय हे सांगायला नको. अॅल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नसले तरी त्याला पांढरी पूड धरते, आणि पोलादी स्क्रू त्यात अडकून बसतात.

कडांची परीक्षा मात्र माझी आवडती आहे, आणि ती कुठल्या यंत्राने होत नाही. बॅरल पुसायची चिंदी घ्या, फुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) लावतो तीच. ती कोरडी चिंदी रेलवरून, भोकांच्या कडांवरून, टोकाच्या गोलावरून सावकाश ओढा. जिथे धागा अडकेल तिथे कड मारलेली नाही. धागा अडकतो तिथे उद्या पट्टा झिजेल, हातमोजा फाटेल, तळहात कापेल. पुतण्याच्या अकरापैकी तीन नमुने नंतर त्यांच्याकडे प्रत्यक्ष आले. दोन चिंदीवर पास झाले, तिसऱ्याने चिंदीचे दोरे-दोरे केले. तो वजनाला सगळ्यात हलका आणि फोटोत सगळ्यात देखणा होता.

उष्णतेबद्दल थोडक्यात. मोकळ्या भोकांतून हवा खेळते, बॅरल लवकर निवते. पण त्याच भोकांतून बोट तापलेल्या गॅस ब्लॉकला लागू शकते. हात पडतो त्या जागेवरची भोके पॉलिमरच्या पट्ट्यांनी झाका, पुढची उघडी ठेवा. थंडीत याच्या उलट. लडाखमध्ये उणे वीसमध्ये उघडा अॅल्युमिनियम हाताची सगळी ऊब ओढून घेतो आणि ओलसर कातडी त्याला चिकटते. तिकडे जाणाऱ्या तुकडीने पट्ट्या जास्तीच्या मागवाव्यात. हातमोजे घालून टॉर्चचे बटण सापडते का, हेही इथे साताऱ्यात बसून ठरवता येत नाही. तिथल्या मोज्यांनीच करून बघा.

ज्यांच्या हातात एके (एके-४७ जातीची रायफल) आहे त्यांच्यासाठी दोन वाक्ये. एकेची वरची पाकळी गॅस ट्यूबवर बसते, ती ट्यूब साफसफाईला प्रत्येक वेळी निघते. म्हणून वरच्या पाकळीच्या रेलवर लेझर किंवा साइट लावून झिरो टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. टॉर्च किंवा ग्रिप खालच्या पाकळीवर ठीक.

नकली मालापासून सावध राहा. खेळण्यातल्या, प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या बंदुकांसाठी हुबेहूब दिसणारे हँडगार्ड बनतात आणि ते खऱ्याच्या नावाने फिरतात. त्यांच्या नटचे आटे खऱ्या हत्याराच्या आट्यांशी जुळत नाहीत, धातू ओतीव आणि ठिसूळ असतो. नट हाताने दोन-तीन फेरे मऊ गेला पाहिजे. तिथेच अडला तर पाना घेऊ नका, वस्तू परत करा.

बसवण्याबद्दल मी एवढेच लिहितो जेवढे निवडणाऱ्याला माहीत असावे, म्हणजे काम नीट झाले की नाही हे त्याला तपासता येईल. बॅरल नटचा पिळ एम-४ जातीला ३० ते ८० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४१ ते १०८ न्यूटन मीटर. आट्यांना मॉलिब्डेनमचे ग्रीस लावतात, नट आवळून सैल करतात, असे तीनदा, मग शेवटचा पिळ. जुन्या दातेरी नटमधून गॅस ट्यूब जाते, म्हणून नटची खाच ट्यूबच्या रेषेत आणावी लागते. ती आणताना नट नेहमी पुढे आवळायचा, खाच जुळवण्यासाठी मागे सैल करायचा नाही. नवे काही नट ही कटकटच ठेवत नाहीत; घेताना विचारा, कारण त्यात चूक होण्याची एक जागा कमी होते.

ट्यूब वाकडी बसली की नाही याची परीक्षा सोपी. रिकामे हत्यार, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेले. रिसीव्हर उघडून बोल्ट कॅरियर (आत मागेपुढे सरकणारा भाग) हाताने सावकाश आत सरकवा. शेवटच्या इंचावर कॅरियर ट्यूबच्या तोंडाला मऊ मिळतो, तर ठीक. खट्ट करून अडला, किंवा एका बाजूला घासला, तर हँडगार्ड किंवा नट ट्यूबला ढकलतो आहे. असे हत्यार रेंजवर नेऊ नका, पुन्हा खोला.

स्क्रू आवळून झाले की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून हँडगार्डवर येणारी एक बारीक पांढरी रेघ ओढा. पहिल्या फायरिंगनंतर, हत्यार निवल्यावर, ती रेघ बघा. तुटली असेल तर स्क्रू फिरला आहे. पुतण्या गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, सहा हत्यारांपैकी एकाची रेघ तुटलेली निघाली, डाव्या बाजूच्या पुढच्या स्क्रूची. त्यांच्या आर्मररने तो काढला, आटे पुसले, निळे लॉकिंग द्रव लावून कंपनीच्या पिळावर आवळला आणि नवी रेघ ओढली. लेझरचा झिरो त्याने त्यानंतरच पुन्हा घेतला आणि तारीख, हत्याराचा नंबर आणि किती क्लिक फिरवले ते कोतच्या वहीत लिहून ठेवले.